दुपदरी पाकीट

९ जानेवारी

ताई,

मामा झालो! बातमी आली तेव्हा मी एका बोटीच्या पोटाखाली उताणा पडून लाल रंग मारत होतो. दाजींनी कंत्राटदाराच्या फोनवर निरोप दिला आणि त्या शहाण्यानं तो मला तीन दिवसांनी सांगितला, तोही शिव्यांच्या मधे कुठंतरी. "ब्रश नीट धर गाढवा, थेंब सांडतायत, आणि हां, तुझ्या बहिणीला मुलगी झाली, आणि दुसरा हात उद्या मारायचा." मी ताडकन उठलो तर डोकं बोटीला आपटलं. मामा झाल्याची खूण म्हणून कपाळावर हे एवढं टेंगूळ आहे.

बोटीला खालून शिंपले चिकटतात हे तुला माहीत होतं का? हजारो. ते आधी खरवडायचे, मग रंग. एकेक इतका घट्ट धरून बसतो की पटाशी वाकते. मी एका शिंपल्याशी अर्धा तास भांडलो, शेवटी त्याला तिथंच ठेवून वरून रंग दिला. आता तो लाल होऊन जगभर फिरेल. मजा आहे त्याची.

तर काय सांगत होतो. बाळ. दाजी म्हणाले इवलीशी आहे, मूठभर. मी तिला मुंगी म्हणणार. आणि तिला नीट धर हं. तुझा इतिहास काही बरा नाही. सख्ख्या भावाला गच्चीवरून खाली सोडलंस, समोरचा दात अजून अर्धाच आहे. इथं सगळ्यांना तो दात दाखवून गोष्ट सांगतो, लोक पोट धरून हसतात.

माझा फोन पाण्यात गेला. नवा घेणार होतो, पण बूट घेतले. तुमचा फोन तर सासूबाईंच्या कमरेला असतो म्हणे. तेव्हा पत्रच बरं. आणि पाकीट तू घरी बनवतेस तसंच पाठव, दुपदरी. तू आत्याकडे शिकायला होतीस तेव्हा बाबा जेवताना तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, आणि हात धुवायच्या आत मी पाकीट पळवायचो. पाकिटाच्या आतल्या कागदाची कड सोडवली की मधे माझी चिठ्ठी. आता बाबा नाहीत, आई नाही. पण नुसतं वरचं पत्र वाचलं की मला वाटतं, अर्धंच जेवलो.

तुझा,
भोवऱ्या

२ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,

तुझं पत्र मिळालं. टेंगूळ उतरलं असेल. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. बाळाचं वजन वाढतंय. सासूबाई सकाळी दहा ते चार त्यांच्या शिवणवर्गात असतात, तरी संध्याकाळी बाळाचं सगळं आवडीनं करतात. त्यांनी सहा झबली शिवली, एकाचीही शिवण दिसत नाही. यांना कामातून फुरसत नाही. नव्या इमारती होताहेत, लिफ्ट बसवायच्या आहेत, जुन्या बंद पडताहेत. आम्ही मात्र तिसऱ्या मजल्यावर जिन्यानंच चढतो. सासूबाई पहिल्या मजल्यावर राहतात म्हणून हाकेच्या अंतरावर आहेत. वेळेवर जेव. उन्हात डोक्याला काहीतरी बांध.

तुझी,
ताई

(अस्तरातली चिठ्ठी)

भोवऱ्या, वरचं सासूबाई वाचून पेटीत टाकतील. हे तुझं.

मला काहीतरी झालंय. ती आवडत नाही असं नाही. मला काहीच होत नाही. ती रडते तेव्हा मी तिच्याकडे बघते, जसं दुकानात कुणाचं तरी मूल रडत असावं आणि त्याची आई आत काही घ्यायला गेली असावी. ती आई परत येईल म्हणून मी थांबते. मग आठवतं, ती मीच.

दूध नीट येत नाही. सासूबाई म्हणतात, "आम्हाला पाच झाली, कोण रडत बसलं होतं?" शेजारीण म्हणाली, "एकवीस वर्षांची आहेस, घोड्यासारखी असायला हवीस." मी हसले. मला आता हसणं चांगलं जमतं.

चष्म्याच्या कारखान्यात मी काचा घासायचे ते तुला आठवतं. काच चाकावर धरली की बोटाला कळायचं, आता एवढंही जास्त दाबलं तर तडा जाईल. बघणाऱ्याला काच तशीच दिसायची, स्वच्छ. मला आता ते बोटाला कळतं ना, तसं कळतंय. पण काच मीच आहे आणि चाक कुणी थांबवत नाही.

हे कुणाला सांगू नकोस. तू मात्र काहीतरी लिही.

२० फेब्रुवारी

ताई,

चिठ्ठी वाचली. घाबरवतेस की काय! अगं, मुलं रडतात. त्यांना दुसरं काम काय? इथं आमच्या मुकादमाला चार मुलं आहेत, तो म्हणतो बायकांना पहिले सहा महिने असं होतंच, मग एके दिवशी सकाळी उठून गाणं म्हणायला लागतात. भरपूर झोप. बाळ झोपलं की तूही झोप. एवढं सोपं आहे.

बोटीचं काम संपलं. पैसे हातात आले आणि मी एका माणसाच्या नादानं रोडरोलर चालवायला शिकलो. ताई, ते यंत्र म्हणजे हत्ती! पुढं न्यायला अर्धं मिनिट, थांबवायला पाऊण. एक कुत्रं रस्त्यात बसलं होतं, मी ओरडतोय, रोलर चाललाय, कुत्रं जांभई देतंय. शेवटी उतरून पळत गेलो आणि त्याला उचललं, तोवर रोलर आपलाआपला चालतच होता! सगळे बोंबलले. नोकरी गेली. कुत्रं मात्र माझ्या मागं लागलंय.

मुंगीला पापा. तू काचबिच काही नाहीस, तू आमची ताई आहेस, लोखंडी.

भोवऱ्या

११ मार्च

चि. भोवऱ्यास,

सगळे ठीक आहेत. बाळाला लस टोचून आणली, रडली नाही, सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाईंच्या वर्गात या वर्षी चौदा मुली आहेत. यांना पगारवाढ झाली. कुत्र्याची काळजी घे, पण चादरीवर घेऊ नकोस.

तुझी,
ताई

(अस्तरातली चिठ्ठी)

या वेळी हसू नकोस.

दहा ते चार घरात मी आणि ती असतो. बाल्कनीचा कठडा माझ्या छातीपर्यंत येतो. कपडे वाळत घालायला गेले की डोक्यात येतं, हात सैल सुटतील. मी सोडेन असं नाही. सुटतील. ते चित्र इतकं स्पष्ट दिसतं की मी आत येऊन तिला चाचपते, आहे ना. दिवसातून वीस वेळा. मग मी बाल्कनीचं दार लावून पुढं कपाट सरकवलं. तर सासूबाई म्हणाल्या, घर कोंडलंय, बाळाला हवा नको का? कपाट पुन्हा मागं गेलं.

म्हणून आता मी जुन्या चादरीची पट्टी फाडलीय. तिला पाजून पाळण्यात ठेवलं की डावं मनगट स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला बांधते. पट्टी एवढी लांब की पाळण्यापर्यंत हात पोचतो, बाल्कनीपर्यंत नाही. मोजून कापलीय. गाठ एका हातानं सुटायला वेळ लागतो, तेवढ्यात डोकं ताळ्यावर येतं. बांधलेली असले की मला बरं वाटतं, भोवऱ्या. तेव्हाच फक्त मी तिच्याकडे नीट बघू शकते. काल तिनं माझं बोट धरलं आणि मला काहीतरी झालं. खूप थोडं. पण झालं.

लसीच्या केंद्रात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी माझ्या मनगटाचा वळ पाहिला आणि दार लावून दहा प्रश्न विचारले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, पुष्कळजणींना होतो आणि बरा होतो. ज्यांना असले विचार येऊन भीती वाटते त्या मुलाला जिवापाड जपणाऱ्या असतात. पट्टी सोडा आणि माणूस आणा." औषध दिलं, म्हणाल्या पाजताना चालतं. सासूबाईंनी ते डबीसकट फेकलं. विष उतरेल म्हणे दुधात.

माणूस आणायचं म्हणजे तू. माझं दुसरं कोण आहे? सहा आठवडे, दिवसा, या खोलीत नुसता बसायला ये. कुत्रं आण, रोडरोलर आण. बडबड कर. एक एप्रिलपर्यंत ये. डॉक्टरीणबाईंना मी तारीख सांगितलीय.

१९ मार्च

ताई,

आलो! एक एप्रिलला दारात. कुत्र्यासकट. सासूबाईंना सांग, भाऊ बाळ बघायला येतोय, त्यात काय बोलतील? तिकीट काढतो. तोवर पट्टी बांधायची तर बांध, पण घट्ट नको.

भोवऱ्या

१४ एप्रिल

ताई,

रागावलीस ना. ऐक तर. मी निघालो होतो, शपथ. मधे गाडी बदलायच्या ठिकाणी चार तास होते. तिथं एक ट्रक उभा, त्यात दोनशे पेट्या, आणि सगळ्या गुणगुणतायत! मधमाश्या. तो माणूस त्यांना या बागेतून त्या बागेत फुलोऱ्याच्या मागं मागं नेतो, वर्षभर. माझ्यासारखाच! म्हटलं, दोन दिवस चालेल का? तर पंधरा झाले. त्याचा मदतनीस पळून गेलाय, त्याला सोडून कसं निघू?

ताई, काय काय कळतं इथं. दोन पेट्या एक करायच्या असतील तर अशाच एकत्र टाकत नाहीत, माश्या एकमेकींना मारतात. मधे वर्तमानपत्राचा कागद ठेवतात. वरच्या माश्या वरून कुरतडतात, खालच्या खालून, आणि कागद संपेपर्यंत दोघींचा वास एक होतो. मग कोण कुठली हे कुणालाच आठवत नाही. आहे की नाही कमाल?

एक डोळा सुजून बंद आहे, दुसऱ्यानं लिहितोय. ही बाग संपली की सरळ तुझ्याकडे. फार तर मेअखेर. तू सांभाळ तोवर. इतके दिवस सांभाळलंसच की.

भोवऱ्या

२२ एप्रिल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुमची-आमची भेट लग्नातली तेवढीच. तुम्ही तेव्हा मांडवात खुर्चीवर झोपला होता, म्हणून ओळख नीट झाली नाही. मी तुमच्या ताईची सासू.

पत्र लिहायचं कारण वाईट आहे. परवा वर्गातली वीज गेली म्हणून मी दुपारी लवकर घरी आले. बाळाचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. वर गेले तर सूनबाई दाराच्या कडीला हात बांधून जमिनीवर बसलेली, आणि पोर पाळण्यात रडून निळं पडलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "गाठ सुटत नव्हती, एका हातानं उचलता येईना." नंतर एकच म्हणाली, "माझ्या भावाला सगळं माहीत आहे."

तिला आता मोठ्या इस्पितळात ठेवलं आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, पेशंटच्या मनात काय चाललंय हे कळलं तर उपचार सोपे होतील. ती तुम्हाला लिहीत होती. वरची पत्रं नकोत, ती मीच पेटीत टाकली आहेत, मला पाठ आहेत. मधली पाहिजेत. पाकीट इतकं जाड का, हे मला कळणार नाही असं तिला का वाटलं कोण जाणे. अस्तर लावायला मी मुलींना तीस वर्षं शिकवते आहे. पण मी कधी उसवलं नाही. दुसऱ्याचं पत्र फोडायची आमच्याकडे रीत नाही.

तुम्ही स्वखुशीनं पाठवलीत तर तुमच्या बहिणीचं भलं होईल. तिच्या स्वभावाचं लहानपणीचं काही आठवत असेल तर तेही लिहा. डॉक्टर विचारत होते. तुम्हाला कामातून यायला जमणार नाही, ते मी समजू शकते. येण्याची गरजही नाही.

बाळ माझ्याजवळ सुखरूप आहे.

आपली,
(सूनबाईची सासू)

२८ एप्रिल

सासूबाईंना साष्टांग नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मी येणारच होतो, पण इथं पेट्या हलवायच्या आहेत आणि मालकाचा पाय मुरगळलाय. पण तुम्ही सांगितलेलं काम त्यापेक्षा उपयोगी आहे, म्हणून लगेच करतोय. माझ्या पिशवीत तिच्या जेवढ्या चिठ्ठ्या होत्या तेवढ्या सगळ्या यासोबत टाचणी लावून पाठवतोय. माझ्याकडून क्रम चुकतो म्हणून कोपऱ्यात तारीख घातलीय. अकरा मार्चची नीट वाचा, तिच्यात सगळं आहे. ती किती जपते बाळाला ते कळेल.

लहानपणीचं म्हणाल तर ताई पहिल्यापासून जबाबदार. फक्त एकदा, मी सहा वर्षांचा, ती नऊची, आम्ही गच्चीच्या कठड्यावर होतो. तिनं माझा हात धरला होता आणि दिला सोडून! मी खाली वाळूच्या ढिगावर, दात अर्धा. बाबांनी तिला बदड बदड बदडलं. आम्ही अजून हसतो त्यावर.

डॉक्टरांना सांगा, तिला लवकर बरं करा. मुंगीला माझा पापा.

आपला,
भोवऱ्या

२० मे

भोवऱ्या,

हे जेवणाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहितेय. इथं झाडलोट करणाऱ्या मावशी पेटीत टाकतील. पाकीट त्यांचंच.

तुझं टपाल पोचलं. मला ते कसं कळलं सांगू? मोठ्या टेबलाभोवती बसवलं होतं. हे होते, सासूबाई होत्या, इथले डॉक्टर, आणि मुलांच्या कार्यालयातल्या एक बाई, ज्या ठरवतात मूल कुणाकडे ठेवायचं. टेबलावरच्या काचेखाली माझ्या चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या होत्या. घड्या इस्त्री करून काढल्यासारख्या. सासूबाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. बाबांसारखं. मोठ्यानं. मधे मधे थांबून, स्पष्ट उच्चार करत. "मला काहीच होत नाही." "हात सैल सुटतील." हे खिडकीबाहेर बघत होते.

कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "हाताला गाठ कशासाठी मारत होता?"

म्हटलं, "तिला वाचवायला."

"कुणापासून?"



लसीच्या डॉक्टरीणबाई स्वतःहून आल्या होत्या. म्हणाल्या, ही आई धोकादायक नाही, आजारी आहे, औषध आणि सोबत मिळाली असती तर एव्हाना घरी खेळवत बसली असती. त्यांना कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "तशी लेखी हमी देता?" हमी कोण देतं, भोवऱ्या? आपल्या हाताचीही कुणी देत नाही. मग विचारलं, सोबतीचं काय झालं? त्या म्हणाल्या, एक एप्रिलला भाऊ येणार होता.

आणि मग तुझं पत्र. गच्चीचं. सासूबाईंनी तेवढीच ओळ दोनदा वाचली. बाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "म्हणजे हे आधीचंही आहे."

मी उठून मनगट दाखवलं. तुझ्या दातांची खूण अजून आहे, अर्धगोल. त्यांना ती पट्टीच्या वळात दिसली नाही.

तू मला चावला होतास. वाळूवर उडी मारायची होती तुला, मी सोडेना, म्हणून चावलास. मी तरीही सोडलं नव्हतं, तूच पिळून निसटलास. बाबांनी मारलं तेव्हा मी बोलले नाही, कारण तू तोंडातून रक्त गाळत रडत होतास आणि तुलाही पडला असता मार. एवढंच झालं होतं. तुझ्या तोंडची गोष्ट मी इतकी वर्षं चालू दिली, कारण तुला ती सांगताना मजा यायची.

आता एक काम कर. इथं ये आणि खरं सांग. पत्र नको. ये.

१८ जून

ताई,

मी आलोय. याच गावात आहे, इस्पितळासमोर. फाटकावर म्हणाले, "घरची माणसं फक्त." म्हटलं, "मी भाऊ." यादीत बघितलं, यादी दाजींनी दिलीय, त्यात मी नाही. म्हणून ही चिठ्ठी मावशींच्या हाती.

आधी तुमच्या घरी गेलो. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, कुत्र्यालासुद्धा वाटीत दूध दिलं. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, "ते गच्चीचं मी चुकीचं लिहिलं. ताईनं सोडलं नव्हतं. मी चावलो होतो."

"असं?"

"हो. हा दात बघा."

"दात तर तुटकाच आहे. तोंड मिटा."

"खरंच सांगतोय, सासूबाई."

"तेव्हा लिहून दिलंत, आता तोंडी फिरवताय."

"मग आत्ता लिहून देतो. कागद द्या."

त्यांनी दिला. पेनसुद्धा दिलं. मी पानभर लिहिलं, सही केली. त्यांनी ते वाचलं, एक काना सुधारला, घडी घातली आणि म्हणाल्या, "फाइलला लावते. पण तुम्हाला सांगून ठेवते. हे लोक भावाच्या मायेचं म्हणून वाचतील. आधीचं तुम्ही हसत हसत लिहिलं होतं, म्हणून ते खरं मानून वाचलं."

मी फाइल बघितली, ताई. सगळ्यात वर माझंच पत्र आहे. "दिला सोडून" याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ.

मी म्हटलं, "तुम्हाला तिचा इतका राग का आहे?" तर त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "राग? मी पोर निळं पडलेलं पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंत? माश्या?"

दाजी आले, कधी आलास एवढं विचारण्यापुरते लिफ्टच्या दारासारखे उघडले आणि मिटले. मुंगी सासूबाईंच्या खांद्यावर होती. तिला घ्यायला हात पुढं केले तर म्हणाल्या, "धुतलेत का?" धुऊन आलो तोवर ती झोपली होती. तिची जिवणी तुझी आहे.

मी इथं खोली घेतोय. तू सुटेपर्यंत हलत नाही. या वेळी बघच.

भोवऱ्या

२ सप्टेंबर

चि. भोवऱ्यास,

तू अकरा दिवस राहिलास आणि मग माश्यांच्या मालकानं बोलावलं म्हणून गेलास, असं मावशींनी सांगितलं. बरं केलंस. फाटकासमोर बसून काय मिळणार होतं? हे पत्र त्या मालकाच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकीट यांनी आणलंय, दुकानातलं, एकपदरी. घरी बनवत नाही. कात्री जवळ ठेवायची नाही असं ठरलंय. तेव्हा फाडून बघू नकोस, मधे काही नाही.

मी ऑगस्टमध्ये घरी आले. तब्येत सुधारली आहे. औषध रोज घेते, सासूबाई समोर उभ्या राहून देतात. तेच औषध आहे, जे डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्ये दिलं होतं. फक्त आता दूध राहिलं नाही, त्यामुळे कशात उतरायचा प्रश्न नाही. ती चित्रं आता दिसत नाहीत. बाल्कनीला वरपर्यंत जाळी बसवली आहे. यांनी स्वतः बसवली, काम नेटकं झालं आहे.

बाळ खाली पहिल्या मजल्यावर सासूबाईंकडे असतं, मी वर तिसऱ्या मजल्यावर. रडली की ऐकू येतं. मग गप्प होते तेही ऐकू येतं. शिवणवर्ग आता त्यांनी घरीच घेतला आहे. चौदा मुली तिला हातांवर झेलतात.

कार्यालयातल्या बाई महिन्याला एकदा येतात. पहिल्या वेळी मी त्यांना गच्चीवर तू चावल्याची हकीकत सांगितली. त्यांनी लिहून घेतलं, "पेशंट अजून स्वतःची जबाबदारी घेत नाही." दुसऱ्या वेळी मी म्हटलं, हो, मीच सोडलं होतं भावाला. त्या म्हणाल्या, ही सुधारणा आहे. तेव्हापासून दर रविवारी अर्धा तास भेट मिळते, सासूबाईंसमोर. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतील, मी पुन्हा तेच सांगेन. कदाचित पाऊण तास होईल. तुला कुणी विचारलं तर तूही तसंच सांग. तुझी गोष्ट अशीही छान होती.

मागच्या रविवारी तिला मांडीवर घेतलं. ती अंग ताठ करून सासूबाईंकडे झेपावली. तू माश्यांचं लिहिलं होतंस ना, कागद कुरतडून होईपर्यंत वास एक होतो. खरं आहे ते. तिच्या केसांना आता शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो. मला खूप काही झालं, भोवऱ्या. आता होतं. सगळं होतं. डॉक्टर म्हणतात, हेच बरं होण्याचं लक्षण.

ती त्यांना आई म्हणायला शिकली आहे. बोलायला लवकर लागली, हुशार आहे. मला अजून काही म्हणत नाही.

डाव्या मनगटावरचे वळ गेले. अर्धगोल खूण आहे.

तू येऊ नकोस. वेळेवर जेव, डोळ्याला सांभाळ. बाकी इकडे सगळे मजेत आहेत.

सासूबाई शेजारीच बसल्या आहेत. एका ठिकाणी काना राहिला होता, तो त्यांनी दिला. हे पत्र कुणीही मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

तुझी,
ताई